वसिष्ठाची दुसरी

आमच्या शाळेला बरीच वर्षं झाली म्हणून मध्यंतरी एक जाडजूड अंक निघाला. त्यात जुन्या शिक्षकांची एकेका ओळीत ओळख दिली आहे. आमच्या गणिताच्या मास्तरांपुढे छापलंय : "स्वभाव तापट. प्रकृतीच्या कारणाने नोकरी सोडली." सोडली म्हणे! मास्तरांची प्रकृती दगडासारखी होती. भर उन्हाळ्यात, सगळं सोलापूर दारं लावून पडलेलं असताना, हा माणूस डोक्यावर ओला पंचा टाकून स्टेशनापर्यंत चालत जाऊन यायचा. नोकरी त्यांनी सोडली नाही, त्यांच्याकडून काढून घेतली. आणि ज्यांनी काढून घेतली त्यांचं तैलचित्र आजही शाळेच्या सभागृहात हार घालून टांगलेलं आहे. अंकात त्यांना चार पानं आहेत.

"स्वभाव तापट" हे मात्र खरं. पण मास्तर कशानं तापायचे, हे कुणीतरी लिहायला हवं.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो आणि शुक्रवार पेठेत मास्तरांच्याच घरी, माळवदावरच्या, म्हणजे धाब्याच्या गच्चीवरच्या, एका खोलीत भाड्यानं राहत होतो. खाली मास्तर आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्का लहानपणीच विधवा झालेल्या. मास्तरांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, आणि पुन्हा लग्न करायचं त्यांनी साफ नाकारलं. माळवदावर तीन पायांच्या घोडीवर त्यांची पितळी दुर्बीण असायची. रेल्वेतला कुणी गोरा इंजिनिअर विलायतेला परत जाताना ती विकून गेला होता. दिवसा तिच्यावर आक्कांचं जुनं लुगडं गुंडाळलेलं असे. पापड वाळत घालायला आलेल्या बायका त्या गुंडाळ्याला हात लागू नये म्हणून अंग चोरून जायच्या.

मास्तरांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "दिसलं तेवढं बोला." वर्गात मुलगा म्हणाला, "सर, सहा वाजले," की हे विचारणार, "घड्याळ पाहिलंस?" "नाही सर, गिरणीचा भोंगा झाला." "मग भोंगा झाला म्हण. गिरणीवाल्यांनी उशिरा वाजवला तर तू काय सूर्य मागं ओढणार?" भाजीवाली म्हणाली, "मास्तर, वांगी लई ताजी हायती," तर तिथंच तिला, "कधी तोडली ते तुला दिसलं का?" ती बिचारी म्हणायची, "घ्याची तर घ्या, न्हाय तर जावा की."

लोक हसत. पण याच वेडापायी शेजारच्या गल्लीतली माणसं त्यांना मानतही असत. रमजानच्या शेवटी एका संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं आणि टांगेवाला रशीदभाई दहापाच जणांना घेऊन माळवदावर आला. "मास्तरसाब, जरा देखो ना, चाँद दिखता क्या?" सगळ्यांना उद्याच ईद हवी होती, पोरांचे नवे कपडे शिवून तयार होते. मास्तरांनी दुर्बीण लावली, पश्चिमेला ढगांतून पुष्कळ वेळ शोधलं, आणि म्हणाले, "नाही. असेलही. मला दिसला नाही." मंडळी गुपचूप खाली उतरली. त्यानंतर दरवर्षी शीरखुर्म्याचं पहिलं भांडं रशीदभाईच्या घरून मास्तरांकडे येऊ लागलं. आक्का नाक मुरडायच्या; मास्तर चाटूनपुसून खायचे.

मास्तरांचा खरा भडका उडायचा तो लग्नात.

सप्तपदी झाली की भटजी नवरीला मांडवाच्या तोंडाशी आणतात, हनुवटी वर करायला सांगतात आणि विचारतात, "ती बघ अरुंधती. दिसली?" नवरी म्हणते, "दिसली." झालं. मास्तर हे कुठल्याच लग्नात ऐकून घेत नसत. अक्षता हातात तशाच धरून पुढं घुसायचे. "कुठं दिसली? अहो भटजी, ती दक्षिण आहे! तिकडं तुमचं घर आहे, अरुंधती नाही!" एकदा तर ऐन दुपारच्या लग्नात भटजींनी पत्र्याकडे बोट केलं आणि नवरीनं मान डोलावली. मास्तर जेवायला न थांबता निघून आले ते घरी येईपर्यंत बडबडत होते.

"एवढं काय त्यात?" मी एकदा विचारलं. "रीत आहे."

"रीत?" ते माझ्यावरच उखडले. "संसाराच्या पहिल्या दिवशी, सगळ्या गावासमोर, त्या पोरीला खोटं बोलायला लावता तुम्ही. पुढं जन्मभर ती तेच करते. 'सुखात आहेस ना?' 'आहे.' 'सासू बरी आहे ना?' 'आहे.' एकदा 'दिसली' म्हटलं की सुटका नाही."

आक्का चुलीपुढून म्हणाल्या, "खरंय. मीही म्हटलं होतं दिसली. मी तर झोपले होते कडेवर."

आता त्या दुसऱ्या माणसाविषयी. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. मोठे वकील, शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष, वाचनालयाचेही अध्यक्ष. गावात जिथं खुर्ची मांडली जाई तिथं हेच बसत. बोलणं मात्र साखरेसारखं. घरी त्यांची पत्नी द्वारकाबाई आणि दोन मुली. मुलगा नाही. म्हणून रावसाहेब दुसरं लग्न करणार अशी कुणकुण गावात होती. तेव्हा कायद्यानं त्याला आडकाठी नव्हती. अडलं होतं ते थोडं लोकांच्या बोलण्यापायी. सुधारणेवर भाषणं ठोकलेला माणूस एकदम बाशिंग कसा बांधणार?

वाट मास्तरांनीच करून दिली, असं पुढं लोक म्हणाले. खोटं आहे ते.

वैशाखात वाचनालयाच्या अंगणात व्याख्यानं होत. त्या साली मास्तरांना बोलावलं. विषय : जोडतारे. मास्तरांनी काळ्या कागदाला भोकं पाडून, मागं कंदील धरून आकाश दाखवलं. फार सुरेख बोलले. त्या दिवशी आवाजात राग अजिबात नव्हता.

"सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा म्हणजे वसिष्ठ," ते म्हणाले. "त्याला लागून बारीक दिसते ती अरुंधती. नुसत्या डोळ्यांना एवढंच दिसतं. दुर्बिणीतून पाहिलं तर वसिष्ठच दोन होतो. दुसरा तारा जरा मंद आहे, आणि अरुंधतीपेक्षा पुष्कळ जवळ आहे. विलायतेत त्यांचा प्रकाश लोलकातून पाहिला तेव्हा कळलं, की त्या दोघांतला प्रत्येक तारा पुन्हा जोडीच आहे. म्हणजे आपण ज्याला एक म्हणतो त्या वसिष्ठात चार सूर्य आहेत. आणि त्यांच्यात कुणी धनी नाही, कुणी चाकर नाही. जोडीतला एक तारा दुसऱ्याभोवती फिरतो असं समजू नका. दोघांच्या मधे एक रिकामी जागा असते. दोघंही तिच्याभोवती फिरतात."

मग अध्यक्ष म्हणून रावसाहेब समारोपाला उठले.

"आजवर वसिष्ठ-अरुंधतीचं नाव घेऊन लोकांनी आम्हांला एकपत्नीव्रताचे धडे दिले," ते हसत हसत म्हणाले. "आज मास्तरांनी शास्त्राच्या आधारानं सिद्ध केलं, की प्रत्यक्ष वसिष्ठांनाही दुसरी आहे. आणि तीच अधिक जवळची आहे! मग आम्हां पामरांना कुणी का बोल लावावा?"

अंगणात हशा उसळला. टाळ्या पडल्या. मास्तर ताडकन उठले.

"मी असं बोललो नाही."

"चार म्हणालात की, मास्तर."

"सूर्य म्हणालो. बायका म्हणालो नाही!"

त्यावर तर लोक पोटं धरून हसले. मास्तरांनी पुढं काय सांगितलं ते कुणाला ऐकूच गेलं नाही. कंदील आणि तो काळा कागद उचलून ते व्यासपीठावरून उतरले. अजून मला तो हशा आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते. तिथं डॉक्टर होते, वकील होते, शिक्षक होते. घरात दोन मुली असलेल्या एका बाईला उठवून कोपऱ्यात बसवायची तयारी चालली होती, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि सगळे हसत होते.

मग ती कोटी गावभर झाली. "वसिष्ठाची दुसरी कधी येणार?" असं लोक हॉटेलात विचारू लागले. पोरांनी फळ्यावर लिहिलं. मास्तरांनी फळा पुसला, खडू मोडून खिडकीबाहेर फेकला आणि तासभर कुणाला काही शिकवलं नाही. "माझं बोलणं चोरलं त्यानं," ते मला म्हणाले. "पैसे चोरले असते तर चौकीवर तरी गेलो असतो."

एका संध्याकाळी दिवेलागणीला द्वारकाबाई आमच्याकडे आल्या. बरोबर धाकटी मुलगी. आक्कांशी त्यांची देवळातली ओळख होती, पण घरी कधी आल्या नव्हत्या. उंच, सावळ्या, हळू बोलणाऱ्या. खाली मास्तर ज्वारीची भाकरी खात होते, त्यांच्यासमोर येऊन त्या उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुम्ही माझं काय वाईट केलंत हे तुम्हांला ठाऊक आहे का?"

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला.

"घरात मला तुमचं नाव घेऊन बोलतात. सासूबाई, दीर, जाऊबाईसुद्धा. मी रडले की म्हणतात, मास्तरांनी शास्त्रात दाखवलंय, आकाशातसुद्धा असंच असतं, तू काय अरुंधतीहून मोठी लागून गेलीस? काय दाखवलंत तुम्ही? मलाही दाखवा."

मास्तर उठले, हात धुतले आणि जिन्याकडे वळले. आम्ही सगळे वर गेलो. दुर्बीण लावून त्यांनी द्वारकाबाईंना पुढं बोलावलं. पुष्कळ वेळ त्या डोळा लावून वाकून होत्या.

"दोन आहेत जवळ जवळ. आणि एक लांब."

"ती लांबची अरुंधती."

"आणि ही जवळची कोण?"

"कुणाची कुणी नाही," मास्तर म्हणाले. "बाई, तो ऋषी नाही, ती त्याची बायको नाही. तारे आहेत ते. नावं आपण दिली. आपलं लग्न, आपली सवत, त्यांना काही काही ठाऊक नाही. ह्यात तुमच्याविरुद्ध काहीही लिहिलेलं नाही."

द्वारकाबाई सरळ उभ्या राहिल्या. पदर नीट केला.

"हे मला कशाला सांगता? मी कुठं लग्न करत्येय? त्यांना सांगा."

"सांगितलं. हसले."

"मग हसणार नाहीत अशा ठिकाणी सांगा."

रावसाहेबांचं लग्न रेल्वेवरच्या केम गावात होतं. मुलीचा बाप तिथं प्राथमिक शाळेत शिक्षक होता. हुंडा नको, उलट सगळा खर्च वरपक्षाचा, म्हणून त्यानं डोळे मिटून होकार दिला. शाळेच्या सगळ्या शिक्षकांना वऱ्हाडात यायचा हुकूम होता. हो, हुकूमच. हेडमास्तरांनी नोटीस फिरवली होती. मास्तर येणार नाहीत असंच सगळे धरून चालले होते. पण गाडी सुटता सुटता ते धुतलेला कोट घालून, हात हलवत आले आणि माझ्याशेजारी बसले. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांच्या रागाची नाही, त्या गप्प बसण्याची धास्ती वाटली.

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. सप्तपदी झाली. बाहेर चांगलं अंधारलं होतं. भटजींनी नवरीला मांडवाबाहेर आणलं. शेजारी एक गडी डोक्यावर गॅसबत्ती घेऊन उभा, तिचा झोत थेट नवरीच्या तोंडावर. तेव्हा मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. आमच्या इंग्रजी तिसरीतल्या, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या, मुलांपेक्षा ती मोठी नसावी. नाव यमू. मुंडावळ्या सारखी मागं सारत होती.

रावसाहेबांचं मास्तरांकडे लक्ष गेलं. "या, या मास्तर! तुमच्या वसिष्ठांची ओळख तुम्हीच करून द्या आमच्या मंडळींना."

लोक हसायच्या तयारीत होते. मास्तर पुढं झाले.

"ती बघ अरुंधती," भटजी घाईनं म्हणाले. "दिसली म्हण."

"थांबा," मास्तर म्हणाले. "मुली, खरंच दिसते का? दिसत नसेल तर नाही म्हण. कुणी मारणार नाही."

यमूनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं. "नाही दिसत."

"दिसली म्हण, संपव," रावसाहेब हळूच म्हणाले.

"पण दिसतच नाही, तर कसं म्हणू?"

कुणी हसलं नाही. मास्तर त्या गड्याकडे वळून ओरडले, "डोळ्यांत बत्ती घालता आणि तारा दाखवता? मागं घे ती!" गडी दचकून मांडवाआड गेला. अंधार झाला तसं वर आभाळ उजळलं. मास्तरांनी तिला पतंगाचा आकार दाखवला, शेपटी दाखवली, मधला तारा दाखवला. "आता त्याच्या अगदी अंगाशी बघ."

"अय्या!" ती टाचा उंचावून म्हणाली. "दिसली की! एवढुशी आहे!"

काय तो आवाज होता! यात्रेत पाळणा बघितलेल्या पोरीचा. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं हा माणूस आता इथंच रडणार. पण ते वळले ते रावसाहेबांकडे.

"ही पोर पाटीपेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसायच्या वयाची. तिला तुम्ही इथं उभी केलीत? आणि वर माझी साक्ष काढता? ऐका सगळ्यांनी. मी आकाशात चार सूर्य पाहिले, म्हणून ह्या माणसाला दोन बायका करायची परवानगी मिळत नाही. घरी त्याची बायको आहे. तिला दोन मुली आहेत. हे मला दिसलंय, म्हणून बोलतोय."

मास्तरांना धरून तिथून घालवून दिलं. मी आणि चित्रकलेचे शिक्षक त्यांच्याबरोबर निघालो. बाकीचे पंगतीकडे गेले. केम स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट पाहत मास्तर फलाटावर येरझारा घालत होते. मला वाटलं, आता तरी मोकळे झाले असतील. कुठलं!

"लग्न लागलंच होतं हो," ते एकदम थांबून म्हणाले. "माझ्या बोलण्यानं काय झालं? उलट त्या पोरीलाच बोलणी बसतील. मी तिला नाही म्हणायला शिकवलं आणि सोडून आलो."

स्टेशनवरचा एक हमाल तांब्या घेऊन आला. "पानी घ्या, मास्तर. कुनाच्या घरचं लगीन व्हतं?"

"कुणाच्याच नाही," मास्तर म्हणाले आणि घटाघटा पाणी प्याले.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. मंडळाची सभा भरली. धर्मविधीची विटंबना केली, अध्यक्षांचा अपमान केला, लेखी माफी मागावी. मास्तर म्हणाले, "माफी मी फक्त त्या मुलीची मागेन." मी आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यांच्या बाजूनं सभेत तोंड उघडलं, तर आम्हांला सांगण्यात आलं की तुम्ही अजून कायम झालेला नाहीत. महिनाअखेर मास्तरांची नोकरी गेली. आणि नव्या नवरीचं नाव रावसाहेबांनी काय ठेवलं असेल? अरुंधती! मोठ्या हौसेनं, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून. पहिल्या बायकोचा तेवढा मानही द्वारकाबाईंना ठेवला नाही त्यांनी.

मास्तर महिनाभर घुमे होते. मग एके दिवशी आक्काच म्हणाल्या, "घरी शिकव की. माळवद एवढं मोठं आहे." दाराला पाटी लावली : गणित शिकवले जाईल. मुलगे पुष्कळ येतील असं आम्हांला वाटलं होतं. रावसाहेबांच्या भीतीनं एकही आला नाही. रशीदभाईचा थोरला मुलगा तेवढा यायचा, तोही टांगा सुटल्यावर.

श्रावणातली दुपार होती. आभाळ झाकोळलेलं. जिन्यात बांगड्या वाजल्या आणि द्वारकाबाई वर आल्या. मागं त्यांच्या दोन मुली, आणि एका हाताला धरलेली यमू.

"आम्ही देवळात गेलोय," द्वारकाबाई म्हणाल्या. "घरी तसंच सांगितलंय. ह्या तिघींना गणित शिकवा. मीही बसेन मागं."

मास्तरांनी आधी दोन्ही मुलींकडे पाहिलं. मग यमूकडे बोट करून हळूच विचारलं, "हिलाही?"

"हिचं काय चुकलं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "यमू, पाटी काढ."

तशा त्या येत राहिल्या. आक्का खाली ताक घुसळत पहारा द्यायच्या. सोलापुरात अशी गोष्ट किती दिवस लपणार? एका दुपारी घरापुढे टांगा थांबला. रावसाहेब कोर्टातून तसेच आले होते, काळ्या कोटात. आक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या, म्हणून ते रस्त्यातूनच ओरडले. तो साखरेचा आवाज मी पहिल्यांदा फाटलेला ऐकला.

"खाली या! आत्ताच्या आत्ता खाली या, दोघीही!"

गल्लीतली दारं उघडली. समोरच्या माळवदावर बायका येऊन उभ्या राहिल्या. यमू पांढरीफटक पडली, पाटी मांडीवरून घसरली. द्वारकाबाई उठल्या, कठड्याशी गेल्या आणि खाली वाकल्या. नवऱ्याशी चारचौघांत त्या तोवर कधी बोलल्याही नसतील.

"भागाकार चाललाय," त्या म्हणाल्या. "झाला की येतो."

रावसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत होती, आणि कुणी हसत नव्हतं. मास्तरांनी खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. यमूची पाटी उचलून त्यांनी तिच्या हातात दिली, डोळे बारीक करून तिच्यावरचे आकडे पाहिले, आणि नेहमीसारखे कडाडले :

"रस्त्यात काय बघतेस? इकडे बघ! वरचा सात खाली कोण घेणार, मी?"

यमूनं नाक ओढलं, पेन्सिल उचलली आणि सात खाली घेतला.